कामिनीची उडी, लाडकुंवरची पुडी

विचारा! तुम्हीही विचारा! गप्प का बसलात? अख्ख्या गावाचं विचारून झालं, नशिराबादच्या बाजारात विचारून झालं, परवा तर न्हाव्यानं वस्तरा माझ्या गळ्याशी धरला आणि विचारलं, 'किती भेटले, आबा?' आता गळ्याशी वस्तरा असताना माणूस मान हलवणार कशी आणि नाही म्हणणार कसा? मी गप्प बसलो. तर त्यानं बाकावर बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, 'बघा, आबा नाही म्हटले नाहीत बरं का!'

तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस. चौथी झालो आणि केळीच्या बागेत शिरलो, तो अजून तिथेच आहे. केळीशी बोलावं लागत नाही. पाणी द्यावं, खत द्यावं, घड वाकला की टेकू द्यावा, झालं. आमच्या कुंदाबाईला विचारा, लग्न झाल्यापासून मी तिच्याशी जेवढं बोललो तेवढं तुमच्याशी आत्ताच बोलून झालं असेल. पण आता बोलतो. आता नाही बोललो तर फुटेन.

कामिनी माझी नात. जळगावला कॉलेजात, शेवटचं वर्ष. उंच... म्हणजे अशी उंच की आमच्या घराण्यात तेवढं कोणी नाही. कुंदाबाई म्हणते, माझ्या माहेरचं आहे. असेल. आमच्या घरात जे चांगलं ते तिच्या माहेरचं आणि जे घोरतं ते माझ्याकडचं. तर ही पोरगी बास्केटबॉल खेळते. मी एकदा बघायला गेलो. काय असतं सांगतो. खांबाला लोखंडी कडं, कड्याला जाळी, आणि जाळीला बूड नाही! पोरी जीव खाऊन धावतात, चेंडू जाळीत टाकतात, तो खालून पडतो, पुन्हा उचलतात, पुन्हा टाकतात... मी शेजारच्याला म्हटलं, 'अरे, बूड शिवून घ्या की, पोरींची मेहनत वाचेल.' तो उठून लांब जाऊन बसला.

पण पोरगी खेळते चांगली. हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही. तुम्हाला म्हटलं, तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

दिवाळी झाली, रात्रीची थंडी पडायला लागली होती. मी हायवेच्या फाट्यावर उतरलो, सहज वर बघितलं, तर आमची कामिनी! घराएवढी! हवेत उडी मारलेली, आणि हातात चेंडू नाही, वेफर्सची पुडी! आणि खाली लाल अक्षरात, 'कामिनीची उडी, लाडकुंवरची पुडी!' लाडकुंवर म्हणजे जळगावच्या मांगीलाल शेटची म्हातारी आई, तिच्या नावानं शेट केळीचे वेफर्स विकतो. म्हणजे नाव त्यांच्या आईचं, तोंड माझ्या नातीचं, आणि पुडीत केळी आमच्याच शिवारातली! पोरगी घरी म्हणाली होती खरी, 'आबा, एक फोटो काढायचाय, सही द्या.' मला वाटलं, एसटीच्या पासला लागत असेल.

आता फ्लेक्सचा आमच्याकडे एक नियम आहे. वाढदिवस असो, निवड असो, बारसं असो, ज्याला वर लटकायचं त्यानं पैसे मोजायचे. आमच्या गल्लीतला पुना, त्याचं तोंड दर वर्षी लागतं, 'भावी सरपंच' म्हणून. खर्च त्याचा तो करतो. माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून भावी आहे, पण कुणाच्या पैशानं भावी नाही! सरळ नियम. ज्याचं तोंड, त्याचा खर्च. मग इथे काय झालं? या चुडामणच्या, म्हणजे माझ्या नातीचं तोंड भर हायवेवर, आणि खर्च मांगीलाल शेटचा? आम्ही काय उपकारावर लटकणार? दुसऱ्या दिवशी बंडीच्या आतल्या खिशात नोटा घातल्या आणि जळगावला शेटच्या पेढीवर गेलो.

शेटनं मला दारात बघितलं आणि आधी पंखा बंद केला. मग घाम पुसत म्हणतो कसा, 'आवो चुडामणभाऊ, बैठो. धंदा एकदम मंदा आहे. तेलाचे भाव बघा, मिठाचे भाव बघा, पुडीत हवा भरतो ना भाऊ, ती हवा पण महाग झाली!' मी म्हटलं, 'शेट, मी पैशाचं बोलायला आलो.' तो म्हणतो, 'मला माहीत होतं! छोरी आपलीच आहे, पण आत्ता हात एकदम तंग...' मी नोटा काढल्या आणि गादीवर ठेवल्या. म्हटलं, 'फ्लेक्सचे किती झाले ते घ्या. आमचं तोंड, आमचा खर्च.'

शेट नोटांकडे बघतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा नोटांकडे बघतो. त्याच्या पेढीवर असा माणूस जन्मात आला नव्हता. आणि तुम्हाला सांगतो, धंदेवाल्याचा हात त्याच्या डोक्याला विचारून चालत नाही. डोकं विचार करत होतं, हात निघाला नोटांकडे! तेवढ्यात आतून म्हाताऱ्या लाडकुंवरबाई कडाडल्या, 'मांगिया! छोरी का मुंह भी तू लगाए और पैसा भी तू ले? शरम कर!' हात परत. पंखा चालू. चहा आला.

मग शेट सांगतो, 'भाऊ, उलटं मी दिलंय छोरीला. कंपनीचे बूट! आणि वर वेफर्सचं एक खोकं!' मी म्हटलं, बूट? तो म्हणतो, 'आणि मुद्दाम एक नंबर मोठे घेतले. पाय वाढता आहे.' वाढता! अहो, पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आता पाय वाढून कुठे जाणार? दुकानात तोच नंबर उरला असेल, दुसरं काय!

घरी आलो. कामिनीला समोर उभं केलं. म्हटलं, 'एका बुटाच्या जोडावर घराण्याचं तोंड दिलंस?' ती म्हणाली, 'आबा, जुन्या बुटांचा तळ निघाला होता. सुतळीनं बांधून खेळत होते मी. तुम्ही सामना बघायला आला होतात, तेव्हा दिसलं नाही का?'

मी सगळा वेळ जाळीचं बूड बघत होतो. बुटाचं नाही बघितलं.

'मला सांगायचंस,' म्हटलं. तर म्हणते, 'तुम्ही बोलता कुठे, आबा?' घ्या!

आता हे गावाला कसं सांगणार? चुडामणची नात बुटावर गेली, हे कोणत्या तोंडानं सांगू? मी गप्प बसलो. आणि इथेच चुकलं. गरीब माणूस गप्प बसला की लोक म्हणतात, बिचारा. बागायतदार गप्प बसला की म्हणतात, दाबून ठेवलंय! त्यात हा पुना मोबाइल घेऊन आला. 'आबा, हे बघा, अमेरिका! तिकडे कॉलेजातल्या पोरी हाच खेळ खेळतात आणि जाहिरातीचे करोडो कमावतात. करोडो! किती भेटले, आबा?' कामिनी तिथेच होती. ती म्हणाली, 'पुनाकाका, त्या चार-दोन जणी हो. बाकीच्या ढीगभर पोरींना तिकडेही बूट आणि बनियनच मिळतं.' तर पुना म्हणतो, 'मग त्या चार-दोन जणी म्हणजे कोण? तूच ना!' आता याच्यापुढे अमेरिकेनं काय बोलावं आणि मी काय बोलावं?

आकडा चढायला लागला. सोमवारी दोन लाख होते, गुरुवारी पाच झाले, आठवड्याच्या बाजारापर्यंत पंधरा! केळीचा भाव असा चढलेला मी जन्मात बघितला नाही. देवळाच्या कळसाच्या वर्गणीची पावती घरी आली, माझं नाव आधीच लिहिलेलं. एरंडोलहून पोरीला स्थळ आलं. मी विचारलं, मुलगा काय करतो? बाप म्हणाला, 'सध्या काही नाही. आणि आता काही करायची गरजही नाही!' दारातून परत पाठवला. कुंदाबाई म्हणाली, निदान चहा तरी द्यायचा. म्हटलं, चहा पाजला तर तो राहायलाच येईल!

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग धुळ्याचा सामना आला.

तिथे जिंकणाऱ्या संघातून विद्यापीठाच्या संघात पोरी निवडायच्या होत्या. कामिनीचं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही. कॉलेजचे खेळाचे सर म्हणाले, 'कामिनीला आता प्रायोजक आहे, तीच नेईल सगळ्यांना,' आणि संघाच्या प्रवासाचे पैसे त्यांनी दुसऱ्या खेळाला दिले. बरं, आमच्या नवलची गाडी असते नेहमी. केळीची पिकअप. माल टाकून परत आला की मागे केळीचा पाला अंथरतो, त्याच्यावर पोरी बसतात, डिझेलपुरते पैसे घेतो. त्याच्याकडे गेलो, तर हात जोडून म्हणतो, 'आबा, आता पूर्ण भाडं लागेल. आणि जरा वरचं लागेल. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाकडून कमी घेणं म्हणजे तुमचाच अपमान!' बघा, अपमान होऊ नये म्हणून लुटतो!

मी घरी येऊन म्हटलं, 'फेकतो त्याच्या तोंडावर भाडं. माझ्याकडे काय नाही?' कामिनी म्हणाली, 'नको.' मी म्हटलं, नको? तर पोरीच्या डोळ्यात पाणी. तुम्हाला सांगतो, ही पोरगी गुडघा फुटला तरी रडत नाही. म्हणाली, 'आबा, तुम्ही भाडं दिलंत की पोरी म्हणतील, बघा, हिच्याकडे खरंच आहेत. आत्ताच मला पास देत नाहीत त्या. मी मोकळी उभी असते, हात वर करून, आणि चेंडू दुसरीकडे जातो. म्हणतात, तुला कशाला पास, तू तर लाखाची, आम्ही फुकटच्या. असं खेळून धुळ्याला हरायला जायचं का?' मी म्हटलं, 'मग खरं सांग त्यांना.' 'सांगितलं. माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही सांगा, आबा. तुम्ही कधी बोलत नाही ना, तुमचं ऐकतील.'

म्हणजे अडलं कुठे? माझ्या मिशीत! मी तोंड उघडायचं, आणि सांगायचं की आमच्या पोरीला बूट मिळाले. बस, एवढंच करायचं होतं. सोपं आहे? तुम्ही करा!

गाव तसंही भरीत-पुरीची पार्टी मागत होतंच. थंडीत कुणाचं काही भलं झालं की आमच्याकडे त्याच्या मळ्यात भरीत होतं. म्हटलं, होऊ द्या. कॉलेजच्या पोरींनाही बोलावलं. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, मिरच्या कुटल्या, कुंदाबाईनं पुऱ्यांचा डोंगर केला. गाव जेवायला बसलं. पोरी एका अंगाला, आमची कामिनी दुसऱ्या अंगाला, मधे चार माणसं बसतील एवढी जागा रिकामी. ती जागा मी बघितली. आणि उठलो. टोपी नीट केली. म्हटलं, 'ऐका. कामिनीला त्या फ्लेक्सचे पैसे मिळाले नाहीत. एक जोडी बूट मिळाले. आणि वेफर्सचं खोकं. बस.'

आधी पुना हसला. मग सगळा मळा हसला! 'काय भारी बोलता हो आबा!' 'इन्कम टॅक्सवाले आले की असंच सांगा!' 'खरा पैसेवाला असाच असतो भो, बघून ठेवा!' आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोललो, ते पण खरं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

मी मटकन बसलो. कुंदाबाई कानाशी येऊन म्हणाली, 'आवो, तुम्ही बोलत नव्हते तेच बरं होतं.'

तेवढ्यात कामिनी उठली. सरळ त्या रिकाम्या जागेत गेली, खाली बसली, एक बूट काढला, आणि आत बोटं घालून कापूस ओढायला लागली. आमच्याच शेतातला कापूस! निघतोय, निघतोय... एका बुटातून मूठभर, दुसऱ्यातून मूठभर. पोरींसमोर ढीग केला आणि म्हणाली, 'एक नंबर मोठे आहेत. कापूस भरला नाही तर धावताना पाय पुढे जातो आणि बूट मागे राहतो. लाखाची पोरगी बुटात कापूस कोंबते का गं?' एकीनं बूट हातात घेतला, आत डोकावली, दुसरीला दाखवला. मग पलीकडच्या टोकाच्या पोरीनं ताटातली पुरी उचलली आणि म्हणाली, 'कामे, धर!' आणि फेकली. कामिनीनं वरच्या वर झेलली!

कुंदाबाई म्हणाली, 'अन्नाशी खेळू नका गं.' मी म्हटलं, 'गप्प बस. पास आहे तो.'

आणि नवल. नवल तो कापसाचा ढीग बघत होता. कापूस आणि केळी वाहण्यात त्याचं आयुष्य गेलं, कापूस खोटं बोलत नाही हे त्याला कळतं. खाली मान घालून म्हणाला, 'आबा, सकाळी गाडी दारात लावतो. डिझेलवर.' मी म्हटलं, 'आणि पाला?' 'पाला ताजा टाकतो.'

बाकी गाव? गाव म्हणालं, 'आबाचं डोकं बघा! कापूसबिपूस सगळी तयारी करून ठेवली होती!'

धुळ्याला मी गेलो. पुढे नवलशेजारी बसलो, मागे पोरी पाल्यावर बसून गाणी म्हणत होत्या. या वेळी मी जाळी बघितली नाही. पाय बघितले. कामिनी हात वर करायची आणि चेंडू तिच्याकडे यायचा. यायचा म्हणजे यायचाच! माझ्याशेजारी धुळ्याकडचा एक म्हातारा होता, तो तिचं पळणं बघून मला म्हणतो, 'हाई उंच पोर करोडपती शे, तरी कशी पयस देखा! तुमी कोन शेतस?' मी कोण म्हणून विचारतो! म्हटलं, 'केळीवाला.' पोरी जिंकल्या. कामिनीची निवड झाली. मी उभा राहिलो होतो म्हणे. नवल सांगतो, ओरडलो पण. खोटं आहे. मी कमी बोलणारा माणूस.

आता संपायला हवं होतं की नाही? नाही! पोरगी जिंकली म्हणजे आकडा वाढणार! गावात पाय ठेवला तर पुना हजर. 'आता तर डबल झाले असतील. किती भेटले, आबा?'

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, फ्लेक्सनं लागलेली आग फ्लेक्सनंच विझवतो! जळगावला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. म्हटलं, लिही. 'कामिनीला फक्त बूट मिळाले. आम्हाला काहीही मिळालेले नाही. चुडामण.' तो म्हणाला, 'आबा, नुसती अक्षरं कोण वाचतं? तोंड पाहिजे.' मी म्हटलं, तोंड कशाला? तो म्हणाला, 'तोंड नसेल तर लोकांना वाटतं सरकारी आहे, मग कोणीच वाचत नाही.' खुर्चीवर बसवलं, टोपी सरळ केली, फोटो काढला. 'थोडं हसा, आबा.' नाही हसलो. पैसे मी दिले. रोख. माझं तोंड, माझा खर्च.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर गेलो. वर बघितलं. अरे देवा! माझं तोंड घराएवढं. मिशीचा एकेक केस दोरखंडासारखा. अक्षरं खाली, मुंग्यांएवढी. आणि उजव्या कोपऱ्यात, माझ्या खांद्याला टेकून... वेफर्सची पुडी! शेटला लगेच फोन लावला. म्हणतो, 'भाऊ, फ्लेक्सवाला आपलाच माणूस. कोपरा खाली होता, चांगला नव्हता दिसत. रागावू नका, खोकं पाठवलंय घरी!'

आणि फ्लेक्सखाली कोण उभा? पुना. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघतोय, मग पुडीकडे, मग माझ्याकडे. खालची अक्षरं त्यानं वाचली का? कोण वाचतं! हळूच जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, 'म्हणजे आता तुम्ही पण! किती भेटले, आबा?'

तुम्हाला सांगतो, मी दमलो होतो. आयुष्यभर गप्प बसलो, त्याचे लाख झाले. खरं बोललो, टाळ्या मिळाल्या. कापूस दाखवला, तर तयारी म्हणाले. घराएवढ्या फ्लेक्सवर लिहून लावलं, तर हा समोर उभा. म्हटलं, जाऊ दे, चुडामण. एकदाचं याचं समाधान करून टाक आणि घरी जाऊन भाकरी खा. इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली केला आणि सांगितलं, 'पाच लाख.'

पुना दोन पावलं मागे सरकला. माझ्याकडे बघत राहिला. मग चुकचुकला आणि म्हणाला, 'बस? एवढेच? फसवलं हो आबा तुम्हाले त्या शेटनं! तुम्ही पडले साधे. बोलत नाही ना तुम्ही कधी, त्याचाच फायदा घेतात लोक.'